आईच्या नावाचा रकाना

दादा,

तू गेलास त्याला आता तीन आठवडे होतील. रडून झालं, माणसं येऊन गेली, विहारातून आणलेल्या सतरंज्या परत पोचल्या, आणि आता उरलाय तो नुसता थकवा. ताप नाही, काही दुखत नाही, पण खुर्चीतून उठायचं म्हटलं की वाटतं, कशाला. नाहूरच्या घरात गॅलरीत बसते आणि समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली धुणी बघते. तू असतास तर म्हणाला असतास, विशू, सरकारी पेन्शन खाऊन आळशी झालीस. मी म्हटलं असतं, माझी शाळा अनुदानित होती, सरकारी नव्हती. तिथून आपलं अर्धा तास तरी जुंपलं असतं.

लिहायला बसले ते एका रकान्यामुळे. तुला घेऊन गेलो त्या दिवशी स्मशानातल्या ऑफिसात मिलिंदनं फॉर्म भरला. तुझं नाव, वय, पत्ता, आप्पांचं नाव, सगळं त्यानं भराभर लिहिलं आणि ‘आईचं नाव’ या रकान्यापाशी तुझा मुलगा अडला. मी बाहेर बाकावर वहिनीचा हात धरून बसले होते. तो बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "आत्या, आजीचं नाव काय लिहू? बाबांच्या फायलीत दोन आहेत." बाप जाऊन चार तास झाले नव्हते आणि बिचाऱ्यापुढे हा पेच. मी म्हटलं, सोड तो रिकामा, मी बघते नंतर. घाटकोपरच्या शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं क्लार्की केली मी. लोकांनी रिकामे सोडलेले रकाने बघून माझं डोकं फिरायचं. आणि आपल्याच घरचा मी रिकामा ठेवला.

तुला हसू आलं असतं. याच रकान्यावरून तू आणि मी तीन वर्षं भांडत होतो.

सुरुवात झाली ती प्रज्ञाच्या जात पडताळणीमुळे. नातीला इंजिनीअरिंगला जायचं होतं, त्यासाठी वंशावळ हवी आणि पणजोबांपर्यंतचे कागद हवेत. तू रिटायर्ड फिटर, जन्मभर मशीनची ड्रॉइंगं वाचलेला. आडवा मोठा कागद घेऊन बसलास, पट्टी लावून चौकोन आखलेस, चौकोनांना रेषा जोडल्यास. गोवंडीच्या तुझ्या दहा बाय पंधराच्या खोलीत तो कागद पसरला की वहिनीला स्वयंपाकघरातून बाहेर यायला वाट राहायची नाही. कचऱ्याच्या डम्पिंगच्या बाजूनं वारा आला की खिडकी लावायची, पंखा लावला की कागद उडायचा, म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या. मी दर रविवारी यायचे, कारण तू मला साहेबासारखं फर्मान काढायचास, की तुझं कागदपत्रांतलं डोकं घेऊन ये.

माझं डोकं चालायचं ते असं. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. माझ्याही एक जून. आपल्या पिढीत निम्मी माणसं एक जूनलाच जन्मली. पोर शाळेत आणलं की मास्तर त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की वय भरलं, आणि तारीख एक जून. तेव्हा जन्माच्या नोंदीवर काही मी विश्वास ठेवत नाही, असं मी तुला पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं. तू म्हणालास, मग आपण जन्मलोच नाही असं धरून चालू.

आईच्या बाबतीत कागद दोन गोष्टी सांगत होते. आपल्या सर्वांत जुन्या रेशनकार्डावर आप्पांच्या खाली ‘गंगूबाई’. नंतरच्या मतदार ओळखपत्रावर, बँकेत, हॉस्पिटलात, सगळीकडे ‘शांताबाई’. याचं उत्तर तुझ्याकडे लहानपणापासून तयार होतं. दीक्षा घेतली तेव्हा आईनं देवादिकांचं नाव टाकलं आणि शांता हे नाव घेतलं. वस्तीतल्या कितीतरी बायकांनी तसं केलं होतं. मीही ते कधी तपासलं नाही. नवरीचं नाव बदलायचं, धर्म बदलला की पुन्हा बदलायचं, आपल्या बायकांची नावं म्हणजे भाड्याची घरं. तू वंशावळीत चौकोन काढलास आणि लिहिलंस, शांताबाई उर्फ गंगूबाई.

मग आपण तालुक्याला गेलो. आठवतं ना, एस्टीत तुला उलटी झाली होती आणि तू मला शपथ घातलीस की वहिनीला सांगायचं नाही. तहसीलच्या रेकॉर्डरूममधल्या माणसानं फडक्यात बांधलेली गावची जन्ममृत्यूची बुकं काढून दिली. कोतवालाच्या हातची, दौतीच्या शाईची. तुझ्या जन्माची नोंद सापडली, आजोबांच्या नावासकट, जातीसकट. तू इतका खूश झालास की त्या माणसाला चहा आण म्हणालास. आणि मी सवयीनं पुढची पानं चाळत राहिले. चार-पाच पानांनंतर ती ओळ होती. आप्पांचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, आणि पुढे, याची बायको गंगू, वय अंदाजे वीस, मयत, ताप.

मी तुला दाखवलं. तू चष्मा काढलास, पुसलास, परत घातलास. म्हणालास, "आपलं नाही हे. त्या नावाचे गावात तीन जण होते." आणि बुक मिटलंस. मला त्या ओळीचीही नक्कल काढायची होती. तू म्हणालास, एस्टी चुकेल.

प्रज्ञाचं काम त्या बुकातल्या तुझ्या नोंदीवर होऊन गेलं. बापाकडची साखळी जुळली, आईचं कुणी विचारलं नाही. तिथं विषय संपायला हवा होता. पण मी तुझी बहीण आणि वर क्लार्क. कागदावर आई मेलेली आणि इकडे आई आपल्याला भाकऱ्या थापून घालत होती, ह्यातलं एक काहीतरी खोटं असणार, हे माझ्या डोक्यातून जाईना. दर रविवारी मी विषय काढायचे. तू कधी म्हणायचास, त्या नावाचे तीन जण होते. मी म्हणायचे, तिघांच्या बापांचं नावही एकच होतं का? मग तू म्हणायचास, कोतवालानं दारू पिऊन जिवंत बाईला मारली. मी म्हणायचे, जन्म कुणी कसाही लिहितो रे, पण मरण कुणी गंमत म्हणून लिहीत नाही. मरणाच्या घरी जाऊन, विचारून लिहावं लागतं. तू म्हणायचास, तुला आई नकोय का? मी म्हणायचे, मला खरं हवंय. वहिनी आतून ओरडायची की दोघांना आता चहा मिळणार नाही.

किती मूर्ख असते बघ हुशार बाई. शाळेत एखादा पालक दर खेपेला नवीन कारण सांगायला लागला की मी ओळखायचे, याला खरं माहीत आहे. तू तीन वर्षं कारणं बदलत राहिलास आणि माझ्या लक्षात आलं नाही.

आई असती तर तिलाच विचारलं असतं. पण तिला विचारून तरी काय मिळालं असतं? एकदा विचारलं होतंच की. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक असायचा, रुपयाएवढा, त्यावर उभी बाई ठोकलेली. दीक्षेनंतर आप्पांनी घरातले सगळे देवांचे टाक नेऊन खाडीत सोडले, ही गोष्ट ते छाती काढून सांगायचे. पण हा एक राहिला. मी कॉलेजात होते, विहाराच्या कार्यक्रमांत भाषणं ठोकायचे, अंगात नुसतं वारं भरलेलं. एक दिवस आईला म्हटलं, बावीस प्रतिज्ञा घेतल्यास ना, मग गळ्यातली देवी काढ. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "देवी नाही ती. माझी माणूस आहे." मी म्हटलं, असली कसली माणूस, आण इकडे, आणि हात पुढे केला. तू कामावरून नुकताच आला होतास, हातातला डबाही खाली ठेवला नव्हतास. माझं मनगट धरलंस आणि म्हणालास, तिच्या गळ्याला हात लावायचा नाही. तू मला कधी ओरडायचा नाहीस. त्या दिवशी आवाजही चढवला नव्हतास, पण मी घाबरले. आणि नंतर मैत्रिणींना सांगत सुटले, की माझा भाऊ नुसता नावाचा बौद्ध आहे, अंधश्रद्धाळू.

मागच्या हिवाळ्यात गावाला लग्न होतं. तुझे गुडघे बोलत होते म्हणून तू आला नाहीस. मी गेले, आणि खरं सांगते, लग्नासाठी नाही गेले. रखमाआत्याला भेटायला गेले. आप्पांची चुलतबहीण, नव्वदीला टेकलेली, दिसत नाही पण ऐकू खणखणीत येतं. तिच्याशेजारी उन्हात बसले, तिला नीट तंबाखू मळून दिली आणि विचारलं, आत्या, गंगू कोण?

तिला वाटलं, मला माहीतच आहे. अगदी सहज सांगत गेली. "थोरली गंगू. तुज्या दादाची आय. पोर अंगावर पीत हुतं आन तिला ताप भरला, चार दिसांत ग्येली. मग पोराचं कोन करनार? तिच्याच बापानं धाकटीला दिली तिच्या जागंवर. शांता. पंधरा-सोळाची आसंल." मी विचारलं, मग रेशनकार्डावर आईचं नाव गंगू कसं? आत्या हसली. "सासूनं नाव त्येच ठिवलं की. म्हनली, कोन नवं नाव शिकत बसतंय. आन गळ्यात थोरलीचा टाक बांधला. दुसरेपनाच्या बायकोला बांधायचाच आसतो, पयलीनं त्रास दिऊ ने म्हनून. पर शांता म्हनायची, ती माजी भन हाय, मला कशापायी त्रास दील."

मी तिथंच बसून राहिले. लग्नाचे बेंजो वाजत होते. म्हणजे आपण दोघंही अर्धेअर्धे बरोबर होतो. रेशनकार्डावरची गंगूबाई ही आपली आईच होती, तू म्हणत होतास तशी. आणि कोतवालानं लिहिलेलं मरणही खरं होतं, मी म्हणत होते तसं. दीक्षेच्या वेळी आईनं देवीचं नाव टाकलं नव्हतं. पाच-सहा वर्षं बहिणीच्या नावानं संसार केला आणि संधी मिळाल्यावर स्वतःचं नाव परत घेतलं. एवढा मोठा धर्म बदलत होता, त्यात एका बाईचं नाव बदललं हे कुणाच्या डोळ्यावर आलं नाही.

येताना एस्टीत खिडकीला डोकं टेकून मी ठरवत होते, दादाला कसं सांगू. जिंकले होते ना मी. तीन वर्षांचं भांडण जिंकले होते. आणि एस्टी घाट उतरायच्या आत मला कळलं की हे तुला सांगता येणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कसं सांगायचं की ज्या बाईच्या शेवटच्या दुखण्यात तू चार महिने रजा काढून हॉस्पिटलात झोपलास, जिला तू स्वतः आंघोळ घातलीस, ती तुझी मावशी होती? तुझी आई वीस वर्षांची मुलगी होती आणि तिचा फोटोही नाही? आणि मग पुढचं. की आपण दोघं एका पोटचे नाही. मला ते वाक्य मनातसुद्धा पुरं करता येईना.

म्हणून मी गप्प बसले. तुझ्यावर दया म्हणून गप्प बसले, असं तेव्हा मला वाटलं. दर रविवारी यायचे तशी येत राहिले. येताना तुझ्यासाठी मुलुंडहून ती कडक शेव आणायचे. तू काही बोललास की हो दादा म्हणायचे. तू क्रिकेटबद्दल बरळायचास, मी ऐकून घ्यायचे. विहाराच्या कमिटीत तू तुझाच हेका चालवलास, ते मला पटलं नव्हतं, पण मी म्हटलं, तू म्हणतोस तसंच असेल. जपून बोलायला लागले तुझ्याशी. जसं परक्याच्या घरी जपून बोलतात तसं.

एकदा तू म्हणालास, "बरी आहेस ना गं? हल्ली भांडत नाहीस." मी म्हटलं, वय झालं आता. तू पंख्याकडे बघत पडला होतास. थोड्या वेळानं विचारलंस, रखमाआत्या बरी आहे का. मी म्हटलं, बरी आहे, दिसत नाही फक्त. "बोलते नीट?" म्हणालास. मी म्हटलं, बोलते. वहिनीनं चहा आणला. तू बशीत ओतलास, फुंकर मारलीस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "तो कोतवाल दारूडाच होता, मी सांगतो तुला."

आणि मी म्हटलं, असेल.

दादा, ते वाक्य मला आता खातंय. तू माझ्याकडे भांडण फेकलं होतंस. तू वाट बघत होतास की मी उसळून म्हणेन, अरे मरण कुणी गंमत म्हणून लिहीत नाही. मी असेल म्हणाले आणि शेवेची पुडी उघडली. तू बशी खाली ठेवलीस. चहा अर्धाच प्यालास. पुढचे दोन रविवार तुला बरं नव्हतं आणि तिसऱ्या रविवारच्या आधीच तू गेलास.

पुण्यानुमोदन झाल्यावर भंतेजी गेले, पाहुणे गेले, मिलिंद आणि प्रज्ञा भांडी पोचवायला गेले. वहिनीनं तुझी फाइल माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, मिलिंदला ह्यातलं काही कळत नाही, तुम्हीच बघा. वर वंशावळीची फेअर कॉपी. खाली दाखले, रेशनकार्ड. आणि सगळ्यांत खाली, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेली, त्या बुकातल्या पानाची नक्कल. शिक्क्यासकट. गंगू, वय अंदाजे वीस. जी नोंद खोटी आहे म्हणून तू माझा तीन वर्षं जीव खाल्लास, ती तू एकटा परत तालुक्याला जाऊन, त्या एस्टीत बसून, काढून आणली होतीस. आणि लॅमिनेट केली होतीस, गाढवा, ओलावा लागू नये म्हणून. नक्कलेच्या मागे रुमालात बांधलेला आईचा टाक होता.

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी तुझ्यासारखी नाही, तिला गोल गोल फिरता येत नाही. म्हणाली, "त्यांना बारा-तेरा वर्षांचे असल्यापासून माहीत होतं. सासूबाईंनीच सांगितलं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाले मला." मी विचारलं, का? मला सावत्र वाटेल म्हणून? वहिनी म्हणाली, "तसं नाही हो. म्हणाले, विशूला कळलं तर ती माझ्याशी जपून वागायला लागेल. बहीण म्हणजे तोंडावर भांडली पाहिजे. ते गेलं तर माझ्याकडे काय राहिलं." वहिनी पुढे म्हणाली, "तुम्ही गावाहून आल्यावर भांडायच्या थांबलात ना, तेव्हाच ते म्हणाले, कळलं वाटतं हिला."

मग मी रडले. तुला जाळताना रडले नव्हते एवढी. वहिनी गॅस बारीक करून आली आणि माझ्याशेजारी बसून राहिली. त्या बाईचा नवरा गेलेला, आणि इथं नणंद कोतवालावरून रडतेय.

म्हणजे आयुष्यभर तू एकट्यानं हे सांभाळलंस. माझं मनगट धरलंस तेव्हा तुला माहीत होतं, की मी ओढायला निघालेय ती तुझी आई आहे, चांदीत ठोकलेली. आणि तू तिथं खरं सांगून मला कायमची गप्प करू शकला असतास. मी सगळीकडे तुला अंधश्रद्धाळू म्हणत फिरले आणि तू ऐकून घेतलंस. मला खरं हवंय, खरं हवंय करत मी बुकं धुंडाळली. तुझ्याकडे खरं होतं, फायलीच्या तळाशी, आणि तुला त्याच्यापेक्षा माझी कटकट जास्त हवी होती. माझा तुझ्यावर राग आहे दादा. तू मला मूर्ख बनवलंस. आणि मी तुझी जन्माची ऋणी आहे, हेही आहेच. दोन्ही एकाच वेळी सहन करायची ताकद आता या वयात नाही. फार दमलेय मी.

वंशावळीचा कागद मी घरी आणला. आप्पांच्या चौकोनाशेजारी तू आईचा चौकोन काढला आहेस, शांताबाई, पेननं. उर्फ गंगूबाई तू फेअर करताना गाळून टाकलंस, हे मी नंतर पाहिलं. आणि दुसऱ्या बाजूला, पेन्सिलीनं अगदी फिकट, आणखी एक चौकोन आहे. रिकामा. फिटरचा हात तुझा, रेषा सरळ. तुझ्या नावावरून निघालेली रेघ मात्र त्या रिकाम्या चौकोनाकडे जात नाही, शांताबाईकडे जाते, माझ्या रेघेशेजारून. मी दोन दिवस त्या कागदाकडे बघत बसले होते. मग त्या रिकाम्या चौकोनात पेननं ‘गंगू’ लिहिलं, कडा शाईनं पक्की केली आणि खाली लिहिलं, थोरली. रेघ मी हलवली नाही. ती तुझी आहे.

टाक मी टूथपेस्टनं घासला. बाईचा चेहरा पार झिजलाय, नुसती साडीची रेघ आणि दोन पावलं दिसतात. आईचा अंगठा कायम त्याच्यावर असायचा. तो वहिनीला परत नेऊन देईन, पुढे प्रज्ञाला जाईल. प्रज्ञाला मी सगळं सांगणार आहे. तू रागवायचं असेल तर रागव.

आणि काल वॉर्ड ऑफिसला गेले. मिलिंदला रजा नव्हती, त्यानं पत्र दिलं होतं. दाखला छापायच्या आधी तो रकाना भरायचा होता. रांगेत माझ्यापुढे चौघं होते, प्रत्येकाच्या हातात कुणाचं तरी मरण. माझा नंबर येईपर्यंत मी हातातल्या पिशवीत ती लॅमिनेट केलेली नक्कल चाचपत होते. एकतीस वर्षांत मी एकही नोंद जाणूनबुजून चुकीची केली नाही. पालकांनी पाया पडून तारखा बदलायला सांगितल्या, हेडमास्तरांनी डोळे वटारले, मी बधले नाही. तुला ठाऊक आहे, तूच तर मला त्यावरून हरिश्चंद्राची मावशी म्हणायचास. पुरावा माझ्याजवळ होता, शिक्क्याचा. त्या रकान्यात गंगू लिहिलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं, आणि जगात कुणी त्यात खोट काढू शकलं नसतं.

मी ‘शांताबाई’ लिहिलं.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "नक्की ना मावशी? नंतर बदलायचं म्हणजे लई कटकट आहे." मी म्हटलं, नक्की. तुझ्यापुढे मी आयुष्यात पहिल्यांदा हार मानली आणि बघायला तू नव्हतास.

तिनं अर्ज परत माझ्याकडे सरकवला. खाली अर्जदाराची सही आणि मृताशी नातं, हे राहिलं होतं. मी सही केली आणि पुढे लिहिलं, सख्खी बहीण. तिनं वाचलं आणि म्हणाली, "नुसतं बहीण लिहिलं तरी चालतं हो." मी म्हटलं, राहू दे.